आवसेचं दूध

राणी मासाळला एका जागी बसवत नाही, ही तक्रार तिच्या अंगणवाडीच्या बाईंपासून चालत आलेली आहे. जत तालुक्याच्या पूर्वेला, जिथून थोडं पुढं गेलं की दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये दिसायला लागतात, तिथल्या एका वस्तीवर ती वाढली. वडील बिराप्पा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन पश्चिमेला निघायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. मागं घर, दोन म्हशी, ज्वारीचं कोरडवाहू रान आणि ही एक भिंगरी पोर, असा सगळा कारभार आई सुलाबाईनं एकटीनं ओढला. आईला राणी अव्वा म्हणते आणि वडिलांना आप्पा. त्या बाजूला बऱ्याच घरांत तसंच म्हणतात.

पोरगी शिकली मात्र. जतच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाली. इतिहासच का, याला फार मोठं कारण नव्हतं. ते तास सकाळी उरकायचे आणि दुपारची एसटी मिळायची, एवढंच. पदवी हातात आल्यावर तिकडच्या मुलींपुढं जे दोन रस्ते असतात ते तिच्याही पुढं आले. एक लग्न आणि दुसरा भरतीचा अभ्यास. तिनं दुसरा धरला आणि वर्षभर अभ्यासिकेत जाऊन बसली. बसली म्हणायचं आपलं. अर्ध्या तासात तीनदा पाणी प्यायला उठणाऱ्या या मुलीला कंटाळून शेजारच्या मुलींनी जागा बदलून घेतल्या.

नोकरी चालून आली ती दूध संकलन केंद्रावर. वस्तीजवळच्या गावात संघाचं केंद्र आहे. संघाचं नाव सांगत नाही, उगाच कुणाला बोल नको. त्या केंद्रावर नवीन मशिन आलं होतं. काट्यावर किटली ठेवून दुधाचा नमुना तपासला की वजन, फॅट आणि सभासदाचा नंबर छापलेली पावती बाहेर पडायची. पण काटा मन मानेल ते आकडे दाखवायचा. केंद्राचे सचिव बिरदेव आठवडाभर कराडच्या कंपनीला फोन करत होते, आणि कंपनीची माणसं दोनदा येऊन सुटे भाग बदलून गेली होती. एका सकाळी राणी अव्वाची किटली घेऊन गेली, तेव्हा बिरदेव फोनवर घायकुतीला आले होते. तिनं त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं की भिंतीवरचा पंखा चालू असला की काटा वाढतो, बंद केला की जागेवर येतो. एकतर काटा हलवा, नाहीतर पंखा. इंजिनियर लोकांना दोन फेऱ्यांत जे दिसलं नव्हतं ते हिला किटली खाली ठेवेपर्यंत दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकांचा फोन आला. दिग्विजय त्यांचं नाव. घरचा ऊस, वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले, आणि स्वतः दहा वर्षं बेंगळुरूला मोठ्या कंपनीत काढून परत आलेले. कराडला हायवेच्या कडेला, टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांनी ‘त्रिदल’ नावाची कंपनी थाटली होती. त्यांनी राणीला शिक्षण विचारलं. तिनं बी.ए. सांगितलं, तेही आवाज बारीक करून. कॉम्प्युटरचं काय येतं विचारल्यावर एमएससीआयटीचं सर्टिफिकेट आहे म्हणाली. ते हसले नाहीत. प्रश्न विचारायला येतात ना, बाकीचं शिकवू, म्हणाले. शिवाय तिला कन्नड येत होतं आणि संघाची बरीच केंद्रं सीमेवरची होती. अशा रीतीनं इतिहासाची पदवीधर राणी मासाळ सहा महिन्यांच्या चाचणी मुदतीवर टेक्नॉलॉजी कन्सल्टंट झाली.

आता कन्सल्टिंग म्हणजे काय, हे तिनं अव्वाला समजावून सांगायचा दोनतीनदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मी सांगतो. दुसऱ्याच्या घरात जायचं, चूल कुठं, पाणी कुठं, कोण कुणाशी बोलत नाही हे सगळं त्यालाच विचारून घ्यायचं, आणि मग त्याचंच घर त्याला पडद्यावर चित्रं काढून समजावून सांगायचं. पडद्यामागचा प्रोग्रॅम इंजिनियर लिहितात. विचारून घ्यायचं काम राणीचं. त्याला बिझनेस ॲनालिस्ट म्हणतात, आणि अव्वाला ती ‘कंपूटरमधी हाय’ एवढ्यावर भागवायची.

ऑफिसात सातजण. त्यातले सहा इंजिनियर. त्या सहांच्या तोंडी एपीआय, सर्व्हर, डेटाबेस असे शब्द आपल्याकडं मीठ-मिरची असते तसे. आणि सातवी मान हलवत बसलेली, मनात त्या शब्दांचे स्पेलिंग धरून ठेवत. कराडच्या विद्यानगरात घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर जाऊन ती ते शब्द व्हिडिओत शोधायची. घरी जाताना जतची एसटी विट्याच्या स्टँडवर थांबली तरी तिच्या कानातले इअरफोन निघायचे नाहीत. चार महिन्यांत ती डेटाबेसला प्रश्न विचारायला शिकली, साधे का होईना. पण खुर्चीत तिला कधीच करमलं नाही. ती उठायची, जिन्यानं खाली जायची, टायरच्या दुकानासमोर उभी राहायची आणि परत वर यायची. कुणीतरी एक दिवस येऊन म्हणेल, बाई, तुमचं चुकून झालंय, इथं इंजिनियर पाहिजे होता, ही धास्ती तिनं कुणाला सांगितली नाही.

आणि तिनं आपली बोली धुवायला घेतली. हाय जाऊन आहे आलं, न्हाईचं नाही झालं. एकदा मीटिंगमध्ये ‘हिकडच्या’ म्हणून गेली तेव्हा शंभूराज हसला. शंभूराज तिथला सगळ्यात तयारीचा प्रोग्रॅमर, कराडच्याच कॉलेजातून इंजिनियर झालेला. तो काही वाईट मनानं हसला नव्हता, पुढच्याच मिनिटाला विसरलाही असेल. राणी विसरली नाही. त्या दिवसापासून ती मीटिंगमध्ये बोलण्याआधी वाक्य मनात एकदा म्हणून बघायची, आणि ते नीट जुळेपर्यंत विषय पुढं गेलेला असायचा. पंख्याचा दोष पहिल्या नजरेत सांगणारी मुलगी ऑफिसात मुकी झाली. मला विचाराल तर तिची खरी चूक तिथंच सुरू झाली, पुढचा प्रकार नंतरचा.

मार्च संपता संपता संघानं कंपनीला एक काम दिलं. उन्हाळ्यात दूध आटतं, खाजगी डेअऱ्यांच्या गाड्या वस्त्यांवर फिरायला लागतात आणि संघाचे सभासद गुपचूप तिकडं दूध घालतात. हे पकडायची सोय प्रोग्रॅममध्ये हवी होती. दिग्विजय सरांनी सगळ्यांना बसवलं. शंभूराजनं नियम मांडला. सभासदाचं दूध एका दिवसात सकाळ-संध्याकाळ दोन्ही पाळ्यांना शून्य आलं आणि त्यानं आधी कळवलेलं नसलं, तर दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर आपोआप बंद. किटली काट्यावर ठेवली की पावती येणार, ‘संशयित. दूध स्वीकारू नये.’ मग संघाचा पर्यवेक्षक चौकशी करून नंबर उघडणार. सरांनी विचारलं, अख्खी वस्तीच एका दिवशी शून्यावर आली तर? शंभूराज म्हणाला, मग तर खाजगी गाडी लागली हे पक्कंच समजायचं.

त्या वाक्याला राणीचं पेन वहीवर थांबलं.

कारण तिच्या भागात आवसेचं दूध विकत नाहीत. अमावस्येच्या दिवशी दोन्ही वेळचं दूध घरातच राहतं. आधी बिरोबाला दाखवायचं, मग पोरांना पाजायचं, दारात आलेल्याला द्यायचं, उरेल त्याचं दही नाहीतर खवा. आजवर कुणी त्याला नियम म्हटलं नव्हतं, की कुठं लिहून ठेवलं नव्हतं. त्या केंद्रांवर टँकर एक दिवसाआड येतो, मधलं दूध कूलरमध्ये थंड करून साठवतात, त्यामुळं संघाच्या हेड ऑफिसला महिन्यातला हा एक दिवस कधी खटकलाच नव्हता. आणि शंभूराजनं तपासायला घेतलेले आकडे होते कृष्णाकाठच्या केंद्रांचे. तिकडं आवस असो की पुनव, दूध संघात जातं.

हे सगळं राणीच्या जिभेवर होतं. फक्त तोंड उघडायचं होतं. पण बोलायचं काय, तर अमावस्या! सहा इंजिनियरांपुढं, पडद्यावर आकृत्या चाललेल्या असताना, बी.ए. झालेल्या पोरीनं उठून अमावस्या म्हणायचं. तिनं वाक्य मनात म्हणून बघितलं. ते कुठल्याही अंगानं शोभेना. सरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, कुणाला काही म्हणायचंय का विचारलं, राणीकडं बघून क्षणभर थांबलेही. तिनं मान हलवली. नियम ठरला, आणि संघानं तसं पत्र सगळ्या केंद्रांना धाडलं.

पुढचे आठ दिवस तिला धड जेवण गेलं नाही. आधी तिनं मनाची समजूत घातली की आता कोण पाळतं एवढं, लोक सुधारले. म्हणून सहज विचारल्यासारखं करत अव्वाला फोन लावला आणि आवसेला अजून दूध घरात ठेवतेस का म्हणून विचारलं. अव्वा म्हणाली, "मंग? बिरोबाला काय सांगू, संघात जाऊन पी म्हणून?" ती वाट बंद झाली. मग तिला वाटलं की बिरदेव सांगतील, केंद्राचे सचिवच आहेत ते, त्यांचं कामच आहे. मग तिनं ईमेल लिहायला घेतला. ऑफिसात ईमेल इंग्रजीत चालायचे. तिनं न्यू मून असं लिहिलं, वाचलं, ते दुसऱ्याच कुठल्या देशातलं वाटलं, आणि पुसून टाकलं. शेवटी एकदा धीर करून शंभूराजच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. त्याच्या कानात हेडफोन होते. त्यानं मागं न बघता एक बोट वर केलं, म्हणजे थांब जरा. ती थांबली, मग परत फिरली. सर त्या दिवशी साताऱ्याला दुसऱ्या एका कामाच्या बोलणीला गेले होते. एक तारखेला तिची चाचणी मुदत संपून कायमचं पत्र मिळायचं होतं आणि मध्ये फक्त बारा दिवस राहिले होते. बारा दिवस गप्प राहिलं तर आपण या लोकांतल्या होऊ, असा तिचा हिशेब. आवस त्या बारा दिवसांतच पडत होती हे तिला कॅलेंडर न बघताही माहीत होतं.

आवस झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला अव्वाचा फोन आला. एवढ्या सकाळी ती कधी करत नाही, ती तिची केंद्रावरून परतायची वेळ.

"राणी, तुमच्या मशिननं मला चोर म्हटलंय," अव्वा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. बिरदेवनं पावती वाचून दाखवली, असं तिनं सांगितलं. सगळ्या वस्तीचंच दूध परत फिरवलंय, चौदा वर्षांत आपल्या दुधात कुणी पाणी काढलं नाही, आणि आता किटली डोक्यावर घेऊन सगळ्या गावासमोरून घरी यावं लागलं. हे काय झालंय ते जरा बघ, एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

ऑफिसात पोचेपर्यंत आकडा आला होता. पूर्वेची अकरा केंद्रं, तीनशेच्या वर सभासद बंद. उन्हाळ्याचं दूध, दोन तासांत फाटतं. काहींनी केंद्राच्या दारातच ओतलं. संघाच्या अध्यक्षांनी फोनवर दिग्विजय सरांना जे सुनावलं ते टायरच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं असेल. सगळे नंबर उघडून देणं दहा मिनिटांचं काम होतं. पण लोक अडून बसले होते की ज्यानं चोर म्हटलं त्यानं येऊन सांगावं. शंभूराजचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होता, की आकड्यांत हे कुठंच नव्हतं. सर त्याला म्हणाले, नव्हतंच, तुझी चूक नाही, कुणाला माहीत असणार होतं? राणी तिथंच उभी होती. तेव्हाही ती बोलली नाही.

सर, शंभूराज आणि राणी गाडीनं निघाले. तिला कन्नड येतं म्हणून घेतलं होतं. तीन तासांच्या रस्त्यात ती खिडकीची काच खाली घेत होती, वर घेत होती. विट्याच्या पुढं हिरवं संपलं, ऊन गाडीत शिरलं. सरांनी दोनदा विचारलं, बरं वाटत नाही का. तिनं मान हलवली. एकदा तिच्या मनात आलं, इथंच उतरावं आणि जी पहिली एसटी मिळेल तिच्यात बसून कुठंही जावं.

केंद्राच्या ओसरीवर आणि बाहेरच्या लिंबाखाली साठसत्तर माणसं जमली होती. बायका एका बाजूला, रिकाम्या किटल्या पुढ्यात ठेवून. त्यांत अव्वा होती. राणीनं तिच्याकडं बघितलं नाही. दिग्विजय सरांनी चपला काढून, हात जोडून माफी मागितली. सरळ माणूस आहे तो. म्हणाले, कुणालाही चोर म्हणायचा आमचा विचार नव्हता, तुमची रीत आम्हाला माहीत नव्हती, आणि आम्हाला ती कुणी सांगितली नाही, विचारायला कमी पडलो आम्ही.

तेव्हा बिरदेव उठले. रागानं नाही, खरंच कळत नाही म्हणून त्यांनी विचारलं, "आवं, तुमच्यात आमची राणी हाय की. राणी हाय म्हणल्यावर आमी कशाला सांगतोय, असंच धरून चाललो आमी. तिला इचारलं न्हाई व्हय तुमी?"

साठसत्तर माणसं राणीकडं बघायला लागली. तिला त्या क्षणी समजलं की इकडच्या अकरा केंद्रांवर एकानंही तोंड उघडलं नव्हतं ते तिच्याच भरवशावर. ती आपली होती म्हणून ते गप्प राहिले, आणि ती आपली आहे हे दिसू नये म्हणून ती गप्प राहिली.

सरांनी एकदा तिच्याकडं बघितलं आणि लगेच पुढं होऊन म्हणाले, "राणीचं तसं काही नाही. त्या तांत्रिक बाजूला नसतात. त्यांचं शिक्षण वेगळं आहे. नियम आम्ही ठरवला."

दार सताड उघडं होतं. माझं शिक्षण वेगळं, मला यातलं काय कळतंय, असं म्हणायचीही गरज नव्हती. नुसती मान खाली घातली असती तरी भागलं असतं. एक तारखेला पत्र मिळालं असतं. शंभूराज, सर, बिरदेव, कुणालाही कधी कळलं नसतं. सहा महिने ज्या बी.ए.ची तिला लाज वाटत होती, ती आज तिला आडोसा द्यायला उभी होती.

"मला म्हाईत हुतं," राणी म्हणाली.

ओसरीवर कुणाला नीट ऐकू गेलं नाही. ती पुढं आली.

"मीटिंगमधी बसली हुती मी. नियम ठरला तवाच कळलं हुतं आवसेला काय हुणार त्ये. सरांनी इचारलं बी, कुणाला काय बोलायचंय का. मी बोलली न्हाई."

शंभूराजनं मान वर केली. बायकांच्या बाजूनं अव्वाचा आवाज आला.

"का गं बोलली न्हाईस?"

"लाज वाटली."

"कुणाची?"

राणीला खोटं बोलता आलं असतं. इंजिनियर लोकांची, इंग्रजीची, मोठ्या साहेबांची, काहीही चाललं असतं, लोकांनीही मान डोलावली असती. ती आईकडं बघत म्हणाली, "आपली."

सुलाबाईनं पुढ्यातली किटली उचलली, पदर नीट केला आणि वस्तीच्या वाटेला लागली. तिच्यामागं आणखी दोघीतिघी उठल्या. राणीनं दोन पावलं टाकली आणि थांबली, कारण अव्वा मागं बघत नव्हती.

परतीच्या वाटेवर कवठेमहांकाळ मागं पडलं. मग शंभूराज म्हणाला, "तू माझ्या खुर्चीपाशी येऊन गेली होतीस." राणी म्हणाली, हो. त्याच्यासाठीच का, त्यानं विचारलं. ती म्हणाली, हो. त्यानं तोंड खिडकीकडं केलं, ते कराड येईपर्यंत. स्वतःच्या वर केलेल्या बोटाचा त्याला राग आला होता की तिचा, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

सर ऑफिसच्या खाली गाडी लावून झाल्यावर बोलले. "मी तुला वाचवत होतो, कळलं होतं ना तुला?"

"कळलं हुतं, सर."

"हे बघ राणी. कोड लिहायला माझ्याकडं सहाजण आहेत. तुला घेतलं ते आम्हाला जे दिसत नाही ते तू सांगावंस म्हणून. तेच सांगणार नसलीस, तर तू आणि आम्ही सारखेच. आणि आम्हाला निदान कोड येतो."

हे तिला कुणी थोबाडीत दिली असती तर लागलं नसतं तेवढं लागलं, कारण त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. एक तारखेला कायमचं पत्र आलं नाही. चाचणी मुदत तीन महिन्यांनी वाढवल्याचं पत्र आलं. काढून टाकलं असतं तर ती सुटली तरी असती.

शंभूराज दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन त्यानं पुढच्या दोन वर्षांच्या आवसेच्या तारखा प्रोग्रॅममध्ये टाकलेल्या दाखवल्या, बरोबर आहेत का विचारलं. तिनं एक तारीख दुरुस्त केली. त्यानं आणखी काय आहे तुमच्याकडं असं, म्हणून विचारलं, आणि या वेळी ती तासभर बोलली. म्हैस व्यायल्यावर पहिले पाच दिवस दूध घालत नाहीत. घरात मयत झालं तर बारा दिवस शेजारची बाई धार काढते आणि स्वतःच्या नंबरवर घालते, मग तिचं दूध दुप्पट दिसतं. जत्रेत सगळं गाव दूध एकत्र करतं. बोलताना हाय आलं, न्हाई आलं, तिनं मागं वळून पुसलं नाही. शंभूराज लिहून घेत होता.

अध्यक्षांनी काम काढून घेतलं नाही, पण एक अट घातली. त्या प्रकारानंतर ज्या सभासदांनी दूध बंद केलं, त्या प्रत्येकाला कंपनीनं फोन करायचा, कारण विचारायचं आणि ते नोंदवून संघाला द्यायचं. सरांनी यादी राणीच्या पुढ्यात ठेवली. एकेचाळीस नावं होती. ती वाचत गेली आणि एका नावावर थांबली. सुलाबाई बिराप्पा मासाळ. चौदा वर्षांचं दूध, आणि आता अकरा दिवस शून्य.

केंद्रावरच्या त्या दिवसानंतर राणी एकदा घरी जाऊन आली होती. अव्वानं भाकरी वाढली होती, म्हशीचं, पाण्याच्या टँकरचं, आप्पाच्या मेंढरांचं सगळं सांगितलं होतं. दूध बंद केल्याचं सांगितलं नव्हतं. गाडी आता दारात येती, एवढंच एकदा म्हणाली होती, आणि राणीनं कसली गाडी हे विचारलं नव्हतं.

तिनं यादीतली वरची नावं आधी संपवली. दुपारी त्या नावावर आली. उठून जिन्यानं खाली गेली, टायरच्या दुकानासमोर उभी राहिली, परत वर आली, आणि नंबर लावला.

"अव्वा, कंपनीकडनं बोलतीया मी. दूध बंद केल्यांस्नी कारण इचाराय लागलंय. लिहून द्यायचं हाय संघाला."

पलीकडं म्हशीच्या गळ्यातली साखळी वाजलेली ऐकू आली.

"खरं सांगू?" अव्वा म्हणाली.

"सांग."

"मंग लिही. मशिननं चोर म्हटलं त्येचं काय न्हाई, मशिनला काय कळतंय. आमची पोरगी तितं बसली हुती, आन तिला आमची लाज वाटली. म्हणून बंद केलं. ह्ये असंच लिही. साफसूफ करू नगंस."

"लिहिती."

"आणिक लोकांस्नी फोन करायचं असतील तुला. ठेव."

पडद्यावर कारणांची यादी होती. दर, अंतर, जनावर आटलं, इतर. राणीनं इतर निवडलं आणि अव्वाचे शब्द लिहायला लागली. निम्म्यात कर्सर अडला. त्या चौकटीत साठच अक्षरं बसत होती. वाक्य आखडून बसवता आलं असतं, ‘वैयक्तिक नाराजी’ असं लिहूनही चाललं असतं. तिनं हात काढून घेतला, डोळे पुसले, आणि शंभूराजच्या खुर्चीपाशी गेली. त्याच्या कानात हेडफोन होते. तिनं ते स्वतःच्या हातानं काढले.

"हितं जागा कमी पडतीया," ती म्हणाली. "वाढवून दे."

काय लिहायचंय एवढं, असं त्यानं विचारलं. तिनं त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं, अव्वा बोलली होती तसंच, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. त्यानं चौकट मोठी करून दिली. ती आपल्या जागेवर आली, उरलेलं वाक्य पुरं केलं आणि पुढचा नंबर लावला.